अनुभव धागा: ब्रेक्झिटचा कौल आणि त्यानंतरचे कागद

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, या २३ जून २०१६ च्या ब्रिटनमधल्या सार्वमतावर भांडून झालं. ‘राहा’वाले अजून हळहळतात आणि ‘बाहेर’वाले ‘आम्ही मागितलं होतं ते हे नव्हेच’ म्हणून चिडलेले आहेत. या धाग्यात ते नको. नियम कुणाला लागला, कुठे अडतं आणि का अडतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं लिहावं. आपबीती नको, कामाचं लिहा. रागाला मनाई नाही, पण त्यासोबत आकडा किंवा कागद हवा.

हाउन्स्लो, मतदार नोंदणीतला स्वयंसेवक

सुरुवात मत कुणाला होतं इथून करू, कारण भारतात हे अजून अनेकांना खरं वाटत नाही. १८ वर्षांवरचे, ब्रिटनमध्ये राहणारे ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातले नागरिक मत देऊ शकत होते. राष्ट्रकुलात भारत येतो. म्हणजे पुण्याहून वर्क व्हिसावर आलेल्याचं नाव यादीत असेल तर त्याला मत, आणि वीस वर्षं लंडनमध्ये कर भरणाऱ्या जर्मन माणसाला नाही. युरोपीय संघातल्या आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मात्र होतं; शेवटचे दोन देश राष्ट्रकुलातले म्हणून.

याचा सगळ्यात विचित्र परिणाम गोंयकारांच्या घरात दिसला. एका भावाकडे भारतीय पासपोर्ट, दुसऱ्यानं पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघातला, काढलेला. पहिला मत देऊ शकत होता, दुसरा नाही. निकालाचा फटका मात्र दुसऱ्यालाच.

नाव नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घरातल्या एकानं फॉर्म भरला की सगळ्यांची नावं लागतात हा समज. ती पद्धत २०१४ मध्येच गेली होती. ज्यानं त्यानं स्वतः नोंदवायचं आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (कामगाराच्या सरकारी विम्याचा क्रमांक) द्यायचा. शेवटची तारीख ७ जून होती. त्या रात्री सरकारी साइट बसली आणि मुदत ९ जूनपर्यंत वाढवावी लागली.

पेन्सिलीचा वादही आठवत असेल. ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर फुली पेन्सिलीनं मारतात, म्हणून ‘ती खोडतील, स्वतःचं पेन न्या’ अशी हाकाटी झाली. पेन चालतंच, कायद्यात आडकाठी नाही. पण मतपेटीतून निघालेला कागद दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर उलगडला जातो. तिथे खोडरबर घेऊन बसणारा माणूस कुठून आणणार?

लीड्स, मोजणीच्या कामातला

मोजणीचे ३८२ विभाग होते. प्रत्येक ठिकाणी आधी पेट्यांतल्या कागदांची संख्या जुळवायची, मग बाजू मोजायच्या. शंका आली तर त्या विभागापुरती फेरमोजणी. देशभराच्या फेरमोजणीची सोय कायद्यात नव्हतीच. ‘बाहेर’ १,७४,१०,७४२, ‘राहा’ १,६१,४१,२४१. मतदान ७२.२ टक्के.

‘देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ठरवलं’ हे वाक्य वापरताना जपा. ५१.९ टक्के हे पडलेल्या मतांचे. एकूण मतदारांशी ताडलं तर साधारण ३७.५ टक्के. किमान टक्केवारीची अट घालता आली असती. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या वेगळ्या विधानसभेसाठी कौल घेतला तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट होती. ‘हो’ला ५१.६ टक्के मतं पडूनही प्रस्ताव पडला. ब्रेक्झिटचा कौल ज्याखाली झाला त्या २०१५ च्या कायद्यात अशी अट नव्हती, आणि निकाल लागल्यावर सरकारनं काय करायचं हेही लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच कलम ५० ची सूचना, म्हणजे बाहेर पडत असल्याची संघाला रीतसर नोटीस, द्यायला संसदेचा कायदा लागेल असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये दिला, आणि २९ मार्चला ती गेली.

मुंबई, चलन बाजार

एक छोटी नोंद. संडरलंड या इंग्लंडमधल्या शहराचा निकाल आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या सुमारास आला, ‘बाहेर’ ६१ टक्के. अपेक्षेपेक्षा फरक मोठा होता, म्हणून पौंड तिथेच घसरला. बीबीसीनं ‘बाहेर’ जिंकल्याचं सांगितलं तेव्हा इथे सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि शेअर बाजार सव्वानऊला उघडायचा होता. सेन्सेक्स दिवसभरात हजारावर अंक पडून ६०४ अंकांच्या तोट्यानं बंद झाला. जग्वार लँड रोव्हरमुळे टाटा मोटर्सला जोरात बसली. पौंड डॉलरमध्ये १.५० वरून १.३३ च्या खाली गेला, १९८५ नंतरचा नीचांक. रुपयात शंभरीवरून नव्वदीच्या घरात. घरी पैसे पाठवणाऱ्यांचा एका रात्रीत आठ-नऊ टक्के तोटा, आणि सप्टेंबरची फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांची तेवढीच बचत.

मडगाव, दाखल्यांची कामं करणारा

हाउन्स्लोवाल्यांनी दोन भाऊ सांगितले, त्यांतल्या दुसऱ्याचे कागद कसे होतात ते लिहितो. कारण पुढे ब्रिटनमध्ये जे अडतं त्याचं मूळ इथे असतं.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना, आणि त्यांच्यामार्फत मुला-नातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे. साखळी वरून खाली येते: आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणीत चढवायचा, लग्न झालं असेल तर तेही, मग वडिलांचा जन्म, त्यांचं लग्न, मग स्वतःचा. मधली एक कडी वगळून पुढे जाता येत नाही.

अडतं ते नावांवर. पोर्तुगीज नोंदवहीत शेणवी ‘सिनाय’ असतो, कामत ‘कामोतीं’, प्रभू ‘पोरोब’. ‘श’ साठी त्यांचं ‘शीश’ अक्षर, जे इंग्रजीत ‘एक्स’ वाचलं जातं. नंतरच्या भारतीय दाखल्यात तोच माणूस इंग्रजी स्पेलिंगनं येतो. बापाचं नाव आजोबांच्या दाखल्यात एक, मुलाच्या दाखल्यात दुसरं, की अर्ज परत. दुरुस्ती गोव्यातच, आधी करून घ्यावी. लिस्बनहून शेरा आल्यावर केली तर वर्ष गेलं समजा.

दुसरी खोट लग्नाची. गोव्यात नागरी नोंदणी दोन सह्यांची आहे: आधी इरादा, मग काही दिवसांनी पक्की सही. पुष्कळ जोडपी पहिली सही करून चर्चमध्ये किंवा मांडवात लग्न लावतात आणि दुसरी राहून जाते. मग दाखला निघत नाही आणि साखळी तुटते.

आणि भारताकडून: १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ‘दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवू’ हा सल्ला देणारे वाड्यावाड्यावर भेटतील, ऐकू नका. ओसीआय कार्डाच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या) वेळी ते बाहेर येतंच.

स्विंडन, सेटल्ड स्टेटसचे अर्ज भरून देणारा

स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, आणि शहराचा कौल ‘बाहेर’ला, जवळपास ५५ टक्के. इथे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न: आता परत जावं लागणार का? उत्तर मिळायला तीन वर्षं लागली. ईयू सेटलमेंट स्कीम, म्हणजे ब्रिटनमध्ये आधीपासून असलेल्या युरोपीय संघाच्या नागरिकांना राहू देणारी योजना, ३० मार्च २०१९ ला पूर्ण उघडली. ६५ पौंड फी ठेवणार होते, ती आधीच रद्द झाली. अट एकच: ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहायला सुरुवात केलेली असावी. अर्ज ३० जून २०२१ पर्यंत.

पाच वर्षं सलग झाली असतील तर सेटल्ड (कायम राहण्याचा हक्क), कमी असतील तर प्री-सेटल्ड (मुदतीचा हक्क). सलग म्हणजे कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नाही. नाताळला गेलेला माणूस आईच्या आजारपणात शिगम्यापर्यंत आणि मग पावसापर्यंत राहिला की हिशेब बिघडतो. मोठ्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत सूट आहे, पण कारणाचा कागद लागतो.

अर्जाचं अ‍ॅप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आयफोनवर ऑक्टोबर २०१९ पासून. पासपोर्टातली चिप वाचताना फोनचं कव्हर काढा. निम्मे अर्ज तिथेच थांबायचे. मग सरकार नॅशनल इन्शुरन्स क्रमांकावरून पगार-कराची नोंद तपासतं. गोदामात एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांच्या नोंदीत भोकं पडतात: एजन्सी बदलली, मध्ये दोन महिने रोख काम, किंवा नाव उलटसुलट चढलं. तिथे पी-६० (मालकानं दिलेला वर्षाचा पगार-कराचा दाखला), बँक स्टेटमेंट, काउन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या कराचं) बिल चालतं. फोटो, शुभेच्छापत्रं, चुलत्याचं पत्र चालत नाही.

मिळाल्यावर हातात कार्ड येत नाही, सगळं ऑनलाइन. घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला स्टेटस दाखवायला ‘शेअर कोड’ द्यायचा, तो ९० दिवस चालतो. आणि नवा पासपोर्ट आला की खात्यात तो क्रमांक बदलायलाच हवा. नाहीतर विमानतळावर एअरलाइनच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. स्टेटस शाबूत असतं, माणूस मात्र दाबोळीला अडकतो.

तिथेच खाली, एक प्रश्न आणि उत्तर

प्री-सेटल्डची पाच वर्षं संपली आणि दुसरा अर्ज राहिला तर हक्क गेला का? नाही. उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये ठरवलं की दुसरा अर्ज केला नाही एवढ्यावरून हक्क काढता येणार नाहीत. त्यानंतर मुदत आपोआप वाढते. पण आपोआप वाढणं म्हणजे सेटल्ड होणं नव्हे. सलगपणा तुटलेल्यांना आता थोडी मोकळीक आहे: जुलै २०२५ पासून मागच्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये काढले असतील तर प्री-सेटल्डवरून सेटल्डसाठी पुरतात. जुना नकार मिळालेल्यांनी हे पाहावं.

लेस्टर, किराणा घाऊक

‘जकात लागणार नाही असा करार झाला’ हे अर्धसत्य. ब्रिटन आणि युरोपीय संघातला डिसेंबर २०२० चा करार ब्रिटनमध्ये किंवा युरोपात *तयार झालेल्या* मालाला शून्य जकात देतो. भारतातून लेस्टरला आलेला गूळ, पोहे, मसाला इथे फक्त पुन्हा पिशव्यांत भरला तर तो भारतीयच राहतो. डब्लिनला पाठवताना युरोपची जकात पुन्हा लागते. एकदा इकडे भरलेली, एकदा तिकडे. उपाय दोन: आयर्लंडचा माल थेट तिकडच्या बंदरात उतरवणं, किंवा इथे उतरवलाच तर जकात न भरता बाँडेड गोदामात ठेवून टी-१ ट्रान्झिट कागदावर (जकात न भरता माल देशातून पुढे नेण्याच्या कागदावर) पुढे काढणं. दुकानाच्या फडताळावरून उचलून पाठवायचे दिवस गेले.

कागद: ‘जीबी’नं सुरू होणारा इओरी क्रमांक (आयात-निर्यात करणाऱ्याचा जकात खात्यातला क्रमांक), प्रत्येक जिनसाचा कमोडिटी कोड (जकातीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक), मूळ देश, किंमत. ‘इंडियन स्नॅक्स, मिक्स’ असं लिहिलं की ट्रक थांबलाच. दूध असलेलं काहीही, म्हणजे पनीर, तूप, पेढे, हे प्राण्यांचं उत्पादन. इथे बनवलं तरी पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चार खोक्यांसाठी ते परवडत नाही, म्हणून छोट्यांनी पेढे सोडले आणि चिवड्यावर आले.

प्रवाशांसाठीही तेच. ब्रिटनमधून पॅरिसला जाताना थेपले-चटणी न्या, पनीर रोल नको. एप्रिल २०२५ पासून उलट दिशेनंही मांस-दूध बंद आहे, कारण युरोपातली लाळ-खुरकुताची साथ.

बर्मिंगहॅम, तिकिटं-व्हिसा

ब्रिटिश पासपोर्टवाल्या मराठी मंडळींना दोन ठिकाणी बसतं. एक, जुन्या पासपोर्टांवर नूतनीकरणाच्या वेळी उरलेले, जास्तीत जास्त नऊ महिने पुढे जोडून मिळायचे. ते सप्टेंबर २०१८ ला बंद झालं. युरोपात शिरताना पासपोर्ट काढल्याची तारीख दहा वर्षांच्या आत हवी. मागे छापलेली संपण्याची तारीख पाहून निघालात तर गेटवरून परत. आणि युरोपातून निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने शिल्लक हवेत.

दोन, ९० दिवस कुठल्याही १८० दिवसांत. जानेवारीत पुन्हा शून्यापासून मोजत नाहीत. रोज मागे वळून १८० दिवस मोजायचे, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरून. पूर्वी शिक्के मोजताना डोळेझाक व्हायची, ऑक्टोबर २०२५ पासून नोंद यंत्रात.

आणि भारतातून येऊ पाहणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२१ पासून लिस्बनचा आणि लातूरचा अर्जदार एकाच रांगेत. काहींनी याचा आनंद मानला. पण या रांगेची, म्हणजे वर्क व्हिसाची, किमान वार्षिक पगाराची पायरी तेव्हा २५,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००.

पणजी

इथल्यांना कौल नवा नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं, असं मतदान झालं. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. फरक असा की तेव्हा ‘नाही’ म्हणजे आहे तसंच, आणि ‘हो’ म्हणजे कुठे जायचं ते राज्य नकाशावर दिसत होतं. ब्रिटनच्या कागदावर ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हे छापलेलंच नव्हतं.

पुन्हा स्विंडन

एक राहिलं. बाळाचा जन्म इथे झाला तेव्हा आई किंवा बाप सेटल्ड असेल तर बाळ जन्मतः ब्रिटिश. दोघे प्री-सेटल्ड असतील तर नाही. त्याचा वेगळा अर्ज जन्मापासून तीन महिन्यांत करायचा, आणि पुढे पालक सेटल्ड झाले की त्याला ब्रिटिश म्हणून नोंदवता येतं, फी भरून. रजिस्ट्रारकडे जाताना दोघांचे पासपोर्ट न्या आणि आईचं नाव त्यात आहे तसंच, अक्षर न अक्षर घाला. माहेरचं, घरचं, लाडाचं नाही. मडगावच्या भावानं वर लिहिलेला ‘सिनाय-शेणवी’चा घोळ नाहीतर याच दाखल्यापासून पुन्हा सुरू होतो.