दुखापतीची बातमी आणि भाव

"मोठा खेळाडू बाहेर गेला की क्रिकेटच्या सट्ट्यात त्याच्या संघाचा भाव पडतोच," असं बरेच जण म्हणतात. अर्धंच खरं! त्याच्या जागी कोण येणार, हेही बुकी (सट्टा घेणारे) बघतात. १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात हार्दिक पांड्याचा घोटा दुखावला, तेव्हा आमच्या खानापूर रोडच्या चहाच्या गाड्यावर सगळे कपाळाला हात लावून बसलेले. पुढच्याच सामन्यात धरमशालेत, संघात नव्यानं आलेल्या शमीनं न्यूझीलंडचे ५ गडी काढले.

शिवाय बातमी आपल्या मोबाईलवर येईपर्यंत भाव हललेला असतो. कुणकुण लागली की बुकी आधी सौदे थांबवतात, मग नवा भाव काढतात. निपाणीचा आमचा मावसभाऊ "सरावाला आला नाही म्हणे" एवढ्यावर पैसे लावून बसला. टॉसनंतर अकरात तोच खेळाडू, तोही हसत. (सट्टा बेकायदा, हे त्याला मामांनी नंतर सांगितलं. पट्ट्यानं.)