‘डिलिरियम’ त्रयी १३ वर्षांच्या मुलीला द्यावी का?

प्रश्न: लॉरेन ऑलिव्हरची ही कादंबरी-त्रयी (प्रेमाला रोग मानणाऱ्या समाजाची गोष्ट) सातवी-आठवीच्या वयात चालेल? प्रेमप्रसंग कितपत आहेत?

उत्तर १: चुंबनं, थोडी जवळीक, बस. खरी अडचण हिंसेची. पहिल्या भागातला (२०११) पार्टीवरचा छापा आधी स्वतः वाचा. दंडुके, नायिका लीनाच्या पायाला चावणारा कुत्रा... तेवढं जड वाटलं तर वर्षभर थांबा.

उत्तर २: लीनाच्या आईच्या आत्महत्येचा उल्लेखही लवकर येतो, तो जास्त बोचतो. दुसऱ्यात ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी प्रकरणं आलटूनपालटून आहेत. प्रकरणाचं नाव न बघता वाचलं की गोंधळ ठरलेला.

उत्तर ३: तिसऱ्यात निवेदन लीना आणि तिची मैत्रीण हाना यांच्यात वाटलेलं. हानाच्या होणाऱ्या नवऱ्याची दहशत मात्र मुलीशी बोलण्याजोगी, चुंबनांपेक्षा कितीतरी जास्त! शेवट मोकळा सोडलाय, आधीच सांगून ठेवा.