तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे

मुंबई-दिल्ली साधारण ११५० किमी, विमानाचा वेग ताशी ८००, मग दीड तासाच्या प्रवासाला सव्वादोन तास का दाखवतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. गणित ठीक आहे, पण तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते; धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी मग घिरट्या: खिडकीतून तीच खाडी पुन्हा पुन्हा, आणि शेजारचे काका दर वेळी पट्टा सोडायच्या तयारीत!

वाऱ्याचा खेळ मात्र मुंबई-कोलकाता मार्गावर बघा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. परतीला वीसेक मिनिटं सहज जास्त लागतात.