तिसऱ्या मजल्यावर माल चढवण्यासाठी मंकी लिफ्ट घ्यावी का? सल्ला हवा

कृष्णाकाठचा_ठेकेदार
नमस्कार. कराडजवळ तळमजला अधिक तीन मजल्यांच्या घराचे काम मी घेतले आहे. आजवर माझी माणसे विटा-वाळू घमेल्यांतून जिन्याने वर नेत आली. आता 200 किलोपर्यंत उचलणारी, सिंगल फेजवर चालणारी मंकी लिफ्ट, म्हणजे स्लॅबवर उभी करून मोटर आणि दोराने माल वर ओढणारे यंत्र, विकत घ्यावी असे मनात आहे. बजेट 40 हजारांचे आहे. घेताना काय पाहावे आणि बसवताना कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पनवेल_साइट
दोनशेची घेऊच नका. आमच्याकडे 500 किलोची थ्री फेज लिफ्ट तीन वर्षे चालू आहे आणि तिने एकदाही काम अडवलेले नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण यंत्र दणकट हवे.

गवंड्याचा_मुलगा
क्षमतेच्या आधी मागच्या वजनाचे पाहा. आमच्या कामावर तोल सांभाळायला लिफ्टच्या मागच्या पायांवर सिमेंटची आठ पोती रचली होती. प्लास्टरला सिमेंट कमी पडले, तेव्हा बिगाऱ्याने त्यांतली तीन उचलून नेली आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. दुसऱ्या दिवशी वाळूची खेप अर्ध्यावर असताना मागचे पाय स्लॅबपासून चार बोटे वर उचलले गेले आणि बटण धरलेला माणूस बाजूला उडी मारतो न मारतो तोच अख्खी लिफ्ट खाली गेली. खाली घमेली भरणारी बाई तेवढ्यात पाणी प्यायला गेली होती, म्हणून वाचली. ती जागा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निवृत्त_फोरमन
वरील अनुभव फार महत्त्वाचा आहे. हिशोब असा करावा: भार 200 किलो, पुढचा हात आधारापासून 90 सेंटिमीटर आणि मागचे वजन 150 सेंटिमीटरवर असेल, तर नुसता तोल साधायलाच मागे 120 किलो लागतात. झटके आणि भाराचे हेलकावे धरून मी त्याच्या तिप्पट, म्हणजे 360 किलो ठेवतो, आणि शिवाय मागची चौकट साखळीने कॉलमला बांधतो. वायर रोपच्या (पोलादी तारांच्या दोराच्या) दुमडलेल्या टोकाला आवळणारे किमान तीन क्लॅम्प असावेत. क्लॅम्पचे खोगीर, म्हणजे खाचेचा जाड भाग, भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. निम्म्या साइटवर हे उलटे लावलेले असते. हूक अगदी जमिनीवर असतानाही दोर गुंडाळणाऱ्या ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत.

वाई_बांधकाम
इतका हिशोब कोणी करत नाही. आमची माणसेसुद्धा लिफ्टनेच वर-खाली करतात, वेळ वाचतो. नायलॉनचा दोर लावा, तो हाताला बोचत नाही.

निवृत्त_फोरमन
माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की हे आजच थांबवा. ही लिफ्ट मालासाठी आहे; ब्रेक घसरला तर माणसाला धरणारे तिच्यात काहीही नाही. नायलॉन ताणला जातो आणि उन्हात कमजोर होतो.

पनवेल_साइट
वायर रोपच हवा, हे मीही म्हणतो. मात्र 500 किलोचीच घ्या.

संगमनेरची_अभियंता
हूक वर पोहोचताच मोटर थांबवणारा वरच्या बाजूचा लिमिट स्विच रोज सकाळी रिकाम्या हुकावर तपासावा, नाहीतर हूक कप्पीत अडकून दोर तुटतो. वीज 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरून (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून) घ्यावी आणि अर्थिंग नीट करावे, कारण ओल्या स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ते बटण असते. खालची जागा दोरी बांधून अडवावी. आपल्याकडे 10 किंवा अधिक कामगार असतील, तर बांधकाम कामगारांसाठीचा सध्याचा कायदाही पाहून घ्यावा. भाड्याची लिफ्ट मात्र टाळावी. तिच्या दोराने आधी काय सोसले आहे, ते आपल्याला कळत नाही.

गवंड्याचा_मुलगा
ताई म्हणतात ते खरे आहे, भाड्याची नको.

कृष्णाकाठचा_ठेकेदार
सर्वांचे मनापासून आभार. विकत घ्या असेच बहुतेकांचे म्हणणे असले, तरी या कामानंतर माझ्या हाती वर्षभर एवढ्या उंचीचे दुसरे काम नाही. म्हणून मी दोन महिन्यांसाठी लिफ्ट भाड्याने घेत आहे. तिच्यावरचा जुना दोर काढून नवा वायर रोप आणि नवे क्लॅम्प मी स्वतः विकत आणून फोरमनकाकांनी सांगितल्याप्रमाणे बसवीन. मागच्या वजनासाठी पोती अजिबात ठेवणार नाही. काँक्रीटचे 30 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचे सहा ठोकळे आज ओतले आहेत. एकेक साधारण 65 किलोचा होईल. त्यांना सळईच्या कड्या ठेवल्या आहेत, म्हणजे सहाही ठोकळे एकाच साखळीत ओवून चौकटीला कुलूप लावता येईल. कुलपाची किल्ली माझ्याकडे राहील.