मेगा-सिटी वनमध्ये आणखी किती माणसं मारणार?

शाईचा_डाग (धागाकर्ता)

जज्ज ड्रेडच्या विश्वात रसिकांनी लिहिलेल्या कथा वाचताना (अधिकृतही, पण त्या मानाने कमी) एक प्रकार हल्ली डोक्यात जातो. पहिल्या पानावर शहर, तिसऱ्या पानावर नवा विषाणू नाहीतर नवा यंत्रमानव, आणि शेवटी दोन-चार कोटी माणसं खलास. वाचणाऱ्याला ढिम्म काही होत नाही.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. '२००० एडी' हे ब्रिटिश कॉमिक साप्ताहिक फेब्रुवारी १९७७ मध्ये निघालं आणि दुसऱ्याच अंकात जज्ज ड्रेड अवतरला. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार कार्लोस एझ्केरा, संपादक पॅट मिल्स. अणुयुद्धानंतर उरलेल्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेगा-सिटी वन नावाचं राक्षसी शहर. पोलीस, न्यायाधीश आणि गरज पडली तर जल्लाद, सगळं काम एकाच हेल्मेटवाल्याकडे. निवडून दिलेलं सरकार वगैरे भानगड नाही. बहुसंख्य लोक बेकार, साखरसुद्धा बेकायदा.

आणि माझ्या मुद्द्याला लागणारी खरी गोष्ट: इथलं घड्याळ चालू असतं. तिथलं एक वर्ष म्हणजे आपलं एक वर्ष, फक्त १२२ वर्षं पुढे. १९७७ ची कथा २०९९ मध्ये घडते. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपण म्हातारे झालो तरी तसाच राहिला. ड्रेडचं तसं नाही. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि मेलेली माणसं सहसा मेलेलीच राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं की या विश्वात लिहिणाऱ्याने नवा महाविनाश आणूच नये. जुनी थकबाकी शोधावी, म्हणजे आधीच्या कथांमधल्या कृत्यांचे राहून गेलेले परिणाम. १९८२ च्या 'अपोकॅलिप्स वॉर'मध्ये सोव्हिएत ईस्ट-मेग वनने हल्ला केला, ८० कोटींचं शहर ४० कोटींवर आलं. मग ड्रेडने स्वतः क्षेपणास्त्रं सोडून ईस्ट-मेग वन बेचिराख केलं. तिथले सुमारे ५० कोटी लोक एका हुकमात गेले. त्या वेळी तो विजय होता. पुढे ३० वर्षांनी 'डे ऑफ केऑस'मध्ये त्या बेचिराख शहराची उरलेली माणसं सूड घ्यायला येतात आणि मेगा-सिटी वन ५ कोटींवर येतं. ही कथा हादरवते ती आकड्यामुळे नाही. चूक कुणाची होती हे आपण १९८२ मध्येच वाचलेलं असतं आणि तेव्हा टाळ्या वाजवलेल्या असतात.

मतं येऊ द्या.

---

टवाळकर

साफ असहमत. आणि उदाहरण तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलंत. 'डे ऑफ केऑस' हा महाविनाशच नाही का? पस्तीस कोटी माणसं मेली की राव!

दुसरं. तुम्ही ड्रेडचा जमाखर्च मांडून बसला आहात, पण या मालिकेचा जीव विनोदात आहे. पाच-सहा पानांचा हप्ता, त्यात एक खुळी कल्पना, आणि संपलं. पोट चाकाच्या गाडीवर ठेवून फिरणारे फॅटी, त्यांच्या खाण्याच्या स्पर्धा. कुरूप होण्याची फॅशन आणून श्रीमंत झालेला ऑटो संप. इतकी चविष्ट की व्यसन लागतं म्हणून बंदी आलेली अम्प्टी कँडी. बेकारी आणि कंटाळा माणसाला कुठे नेतो हे एका फॅटीच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं तुमच्या ३० वर्षांच्या सूडातून कळत नाही. शिवाय ती कळायला आधीचे हजार अंक वाचावे लागत नाहीत.

थकबाकी शोधायला निघालेला नवा लेखक काय करतो, मी सांगतो. कुठल्याशा जुन्या अंकात एका चौकटीत दिसलेला जज्ज उकरून काढतो आणि त्याचा मुलगा, पुतण्या, क्लोन असं काहीतरी लिहितो. वाचणारे तीनशे जण खूष. बाकीचे पान उलटतात.

---

वैदेही_क

विनोदाबद्दल टवाळकरांना +१. पण मला दोघांच्याही पलीकडचा प्रश्न पडतो.

४८-४९ वर्षं चाललेली हुकूमशाही ही इशारा राहते का? की ती आपलं घर होते? ड्रेड हुकूमशाहीचा नोकर आहे हे वॅग्नरने सुरुवातीपासून लपवलं नाही. तरी दर आठवड्याला त्याच्या मागे मोटरसायकलवर बसलेला वाचक हळूहळू त्याच्याच नजरेनं बघायला लागतो. '२००० एडी'चा वाचकवर्ग एकंदर जाणता आहे, तरी "आपल्याकडेही असे जज्ज हवेत" म्हणणारे मराठीतसुद्धा भेटतात. २०१२ च्या ड्रेडवरच्या सिनेमानंतर तर जास्तच.

नव्या लेखकाने आधी हे ठरवावं की तो वाचकाला कुठे उभा करणार आहे. १९९० ची 'अमेरिका' ही कथा घ्या, वॅग्नर आणि कॉलिन मॅकनील. निवेदक बेनेट बीनी, एक घाबरट गायक. त्याची बालमैत्रीण अमेरिका हारा, स्थलांतरितांची मुलगी, जजेसच्या विरोधात दहशतवादाकडे वळते आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी मारली जाते. ड्रेड तिथे खलनायक आहे, तेही आवाज न चढवता. महाविनाश नाही, थकबाकी नाही. फक्त कॅमेरा फिरवलाय.

---

शाईचा_डाग

@टवाळकर, 'डे ऑफ केऑस'मध्ये माणसं मरतात हे मान्य, पण तो विनाश बाहेरून टपकत नाही. १९९२ ची 'जजमेंट डे' आठवा. जगभर मढी उठली, मेगा-सिटी टू हे पश्चिम किनाऱ्यावरचं महाशहर समूळ गेलं, आणि आज त्या कथेतलं लोकांना काय आठवतं? मढी. एक सगळं शहर पुसलं गेलं, त्याचं कुणाला सुतक नाही.

आणि चॉपर कसा विसरलात? भिंती रंगवणारं एक बेकार पोरगं, १९८१ मधल्या एका छोट्याशा गमतीच्या कथेतलं. तुमच्याच व्याख्येतली "खुळी कल्पना". तेच पोरगं पुढे स्कायसर्फिंग (उडत्या फळीवर उभं राहून हवेत फिरणं) करत ऑस्ट्रेलियापर्यंत गेलं आणि 'ओझ' ही मोठी कथा उभी राहिली. म्हणजे विनोदाच्याही खात्यावर बाकी राहते.

@वैदेही_क, 'अमेरिका'त थकबाकी नाही? पुढचं वाचलंय ना? त्या दोघांची मुलगी अमेरिका बीनी जज्ज अकादमीत जाते. २००६ च्या 'कॅडेट'मध्ये तीच ड्रेडसमोर उभी राहते, शिकाऊ जज्ज म्हणून. आईला ज्या व्यवस्थेने मारलं त्याच व्यवस्थेत शिरून ती सुधारता येईल असं तिला वाटतं. एका शोकांतिकेचं असं व्याज दुसऱ्या कुठल्या कॉमिकने दिलंय?

---

लेस्टरकर

इकडे इंग्लंडात राहून जुने अंक रद्दीच्या भावात जमवलेला माणूस बोलतोय, म्हणून थोडं अवांतर.

१९७६ मध्ये मिल्सचंच 'अ‍ॅक्शन' नावाचं कॉमिक हिंसेवरून ओरड झाल्यामुळे मागे घ्यावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी '२००० एडी' आलं. तीच दांडगाई, पण भविष्यात नेऊन ठेवलेली. समोर गणवेश, बिल्ला आणि कायदा असल्यावर तक्रार कोण करणार? मग आला थॅचरबाईंचा काळ, बंद पडलेले कारखाने, काम नसलेली तरुण पोरं. फॅटी आणि ऑटो संप हे त्या मातीतून उगवले. १९७८ च्या 'कर्स्ड अर्थ' या ड्रेडकथेत दोन खऱ्याखुऱ्या बर्गर कंपन्यांची युद्धं दाखवली, तर कायद्याच्या भीतीने ते हप्ते २०१६ पर्यंत पुस्तकात छापता आले नाहीत.

त्यामुळे टवाळकरांचं "एक खुळी कल्पना आणि संपलं" मला अपुरं वाटतं. आज फॅटीची नक्कल करून चालत नाही, त्यामागचा राग निघून गेलेला असतो. उरतं ते लठ्ठ माणसांना हसणं. तसली फॅनफिक्शन ढिगाने वाचली आहे.

---

टवाळकर

@लेस्टरकर, मग आजचा राग आणा की! कर्जाचे हप्ते भरून भरून वाकलेला, स्क्रीनला चिकटलेला, रेटिंगवर जगणारा नागरिक. मेगा-सिटीत त्याला जागा नाही का? याला ३० वर्षांचा इतिहास कशाला लागतो?

---

नागपुरी_संत्रं

वाद वाचून मजा येतेय. मी फक्त लिहिणाऱ्याच्या अडचणीचं बोलतो.

साप्ताहिकाकडे आपलं ड्रेडचं स्क्रिप्ट पाठवून उपयोग नसतो. बाहेरच्यांसाठी दार आहे ते चार पानी 'फ्युचर शॉक'चं, म्हणजे शेवटी कलाटणी देणाऱ्या सुट्या कथांचं. 'वॉचमेन'वाले अॅलन मूरही त्यातून वर आले. ड्रेडच्या विश्वात हात साफ करायचा तर 'झारजाझ'सारखी रसिकांची छापील नियतकालिकं. तिथेही पानं मोजकीच. चार-पाच पानांत थकबाकी वसूल करायला बसलात तर तीन पानं मागचा संदर्भ सांगण्यातच जातील.

यावर जुन्या लेखकांनी काढलेला तोडगा मला पटतो: कोपरा पकडायचा. डॅन अॅबनेट आणि फिल विन्सलेडची 'लॉलेस' बघा. कुठल्याशा दूरच्या वसाहतीतलं बॅडरॉक गाव, एकटी मार्शल मेटा लॉसन. कायदा मेगा-सिटीचा, पण मेगा-सिटी प्रकाशवर्षं लांब. ड्रेड येणार नाही, महाविनाशाची बातमीसुद्धा उशिरा पोचेल. तिथे हवं ते बांधा, कुणाच्या पायावर पाय पडत नाही. 'लो लाइफ'मध्ये वेषांतर करून राहणारे जज्ज, त्यातला डर्टी फ्रँक तर निव्वळ विनोदी. आणि २०१२ मध्ये ड्रेड, 'लो लाइफ' आणि 'सिम्पिंग डिटेक्टिव्ह' या एकाच अंकात शेजारी छापल्या जाणाऱ्या तीन मालिका एका हप्त्यात अचानक एकच कथा निघाल्या. 'ट्रायफेक्टा'. आधी पत्ताच लागू दिला नाही. तिन्ही कोपरे आपापल्या पायावर उभे होते म्हणूनच हे जमलं.

---

वैदेही_क

@नागपुरी_संत्रं, कोपरा ठीक आहे, पण तो पळवाटही होतो. बॅडरॉकमध्ये जाऊन बसलं की मेगा-सिटीत लोकशाही का नाही हा प्रश्न अंगावर घ्यावा लागत नाही.

चार-पाच पानांत जमत नाही हे मात्र मला मान्य नाही. १९८६ चा एक हप्ता आहे, 'लेटर फ्रॉम अ डेमोक्रॅट'. एक साधी गृहिणी घरच्यांना पत्र लिहिते. लोकशाहीवाद्यांबरोबर टीव्ही स्टुडिओ ताब्यात घ्यायला ती गेलेली असते, परत येणार नसते. हप्ता संपला. मागचं काहीही माहीत असण्याची गरज नाही, विनोद नाही, महाविनाश नाही. पण त्या पत्राचा पुढे १९८७ चा मोर्चा झाला, जो जजेसनी कपटाने उधळला, आणि १९९१ मध्ये थेट सार्वमत. लोकांना विचारलं, जज्ज हवेत की नकोत. बहुतेकांनी मतदानाची तसदीच घेतली नाही, आणि आले त्यांनी जजेसना ठेवलं. मला आजवर ड्रेडमध्ये वाचलेल्या सगळ्या कत्तलींपेक्षा हा निकाल जास्त भयंकर वाटतो.

२०२४ ची 'अ बेटर वर्ल्ड' हीसुद्धा त्याच रस्त्यावरची. मेटलंड नावाची हिशेबनीस जज्ज आकडे मांडून दाखवते की बंदुकांवरचा पैसा शिक्षणाकडे वळवला तर गुन्हे कमी होतात. प्रयोग चालतो, म्हणूनच तो हाणून पाडला जातो.

---

शाईचा_डाग

वैदेहीताई, तुम्ही माझीच बाजू मांडताय हो. पत्रापासून सार्वमतापर्यंत पाच वर्षं, आणि तिथून मेटलंडपर्यंत तेहेतीस.

---

वैदेही_क

नाही. पत्र लिहिणाऱ्याला पुढे सार्वमत होईल हे ठाऊक असायची गरज नव्हती. तुम्ही नव्या लेखकाला मागे बघायला सांगताय. मी म्हणतेय त्याने पुढे काहीतरी सोडून जावं. ते वसूल करायचं की नाही ते पुढचा बघेल.

---

टवाळकर

हे मात्र पटलं. आणि जाता जाता, लेस्टरकरांच्या रागाला उत्तर म्हणून एक बीज टाकतो. रिसिक, म्हणजे प्रेतांचं रूपांतर उपयोगी मालात करणारा कारखाना. 'डे ऑफ केऑस'नंतर पस्तीस कोटी प्रेतं. माल इतका निघाला की भाव कोसळला. तिथला एक पाळीवाला, ज्याला प्रेतामागे पैसे मिळतात, तो दर कमी झाला म्हणून संप करतो. पाच पानं. ड्रेड फक्त शेवटच्या चौकटीत.

---

शाईचा_डाग

@टवाळकर, हे १९८२ च्या थकबाकीवरच उभं आहे, फक्त तुम्ही कबूल करणार नाही. दर किती होता ते ठरवा आधी.

---

लेस्टरकर

आणि संप बेकायदा असेल तर त्याला शिक्षा किती वर्षं, तेही. ड्रेड आकडा सांगितल्याशिवाय चौकटीतून जात नाही.