बाबा रात्रभर पलंगावरून उतरायला पाहतात, ओळखत नाहीत. मदत हवी आहे (नागपूर)

वैशाली_मानेवाडा, रात्री १०.४०
बाबा ७६ वर्षांचे. मंगळवारी खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं म्हणाले. कालपर्यंत सगळ्यांशी बोलत होते. काल रात्रीपासून एकदम बदलले. चादर ओढतात, सलाईन उपटून फेकली, मला म्हणतात "बाई, तुम्ही कोण?" कोपऱ्यात बकऱ्या दिसतात त्यांना. आज सकाळी दोन तास अगदी नीट होते, आईची चौकशी केली, संध्याकाळी पुन्हा तेच. सिस्टर म्हणते वयामुळे होतं. बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला का? मानसोपचारवाल्यांना दाखवायचं का? आज रात्री मी एकटीच आहे, लवकर सांगा.

प्रवीण_वर्धारोड
ताई, १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलतात.

निवृत्त_सिस्टर
प्रवीणभाऊ, नंबर चांगला आहे, पण या कामाचा नाही. दोन दिवसांपूर्वी धडधाकट बोलणारा माणूस अचानक भरकटतो, मधे नीट होतो, रात्री वाढतं, तर आधी शरीरात शोधायचं. याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. वैशाली, सांग: लघवी कधी झाली? ताप? ऑक्सिजन किती? साखर, रक्तातलं सोडियम (मीठ) तपासलं का? घरी कोणत्या गोळ्या चालू होत्या?

कुसुमकाकू
आमच्याकडे याला वात झाला म्हणतात. माझ्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं, सोडियम ११६ निघालं. बीपीच्या गोळीने कमी झालं असं डॉक्टर म्हणाले. आम्ही आधी दृष्ट काढत बसलो, त्यात एक दिवस गेला.

हर्षल_नं१
झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगा, सकाळपर्यंत शांत झोपतील. माझ्या मामांना दिलं होतं.

निवृत्त_सिस्टर
कारण न शोधता नको. ऑक्सिजन कमी पडून माणूस तळमळत असेल आणि तुम्ही त्याला गुंगी दिली, तर श्वास आणखी मंदावतो. शांत झाला म्हणजे बरा झाला असं नसतं. काही म्हातारे तर डेलिरियममध्ये नुसते गप्प पडून राहतात, ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हर्षल_नं१
मग काय हात बांधून ठेवायचे? रोज पिणारा अचानक बंद झाला तर तीच औषधं देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवृत्त_सिस्टर
दारूच्या केसमध्ये देतात, बरोबर. म्हणूनच आधी विचारायचं. आणि हात बांधले की जास्तच झटापट करतात.

रुपेश_कामठी
माझं वेगळं होतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात पायात अशी कळवळ, की बसवेना ना झोपवेना. वॉर्डात चकरा मारत होतो. सगळ्यांना वाटलं पोरगं येडं झालं. पण मला सगळं समजत होतं, तारीख-वार सांगत होतो. औषध बंद केल्यावर गेलं. बाबांना वार विचारून पहा.

प्रवीण_वर्धारोड
एम्सला न्यायचं असेल तर मिहानला रात्री ऑटो मिळणं कठीण, आधीच ठरवून ठेवा.

वैशाली_मानेवाडा, ११.२०
न्यायचं नाही आहे दादा. दारू बाबांनी आयुष्यात घेतली नाही. वार विचारला, "कापूस विकला का" म्हणाले. ताप नाही. ऑक्सिजन ९६. साखर सिस्टर आत्ता बघते. लघवीची नळी काल दुपारी काढली, त्यानंतर थेंब थेंब होते.

निवृत्त_सिस्टर
थेंब थेंब म्हणजे तुंबलीही असू शकते. बेंबीखाली हात लावून बघ, फुगून कडक लागतं का? ड्युटी डॉक्टरला आत्ताच बोलाव, सकाळची वाट पाहू नको. घरच्या गोळ्या सांगितल्या नाहीस.

वैशाली_मानेवाडा, ११.३५
फुगलं आहे. बोलावलं. बीपीची एक, आणि झोपेची अर्धी गोळी, आठ-दहा वर्षं झाली रोज घेतात. ती तर सगळेच घेतात म्हणून कोणाला सांगितलीच नाही. मंगळवारपासून बंद आहे. आणि खर्रा, तंबाखू-सुपारीचा. दिवसाला तीन-चार.

कुसुमकाकू
अगं बाई, खर्रा पण सांग डॉक्टरांना! लाजू नको.

हर्षल_नं१
झोपेची गोळी इतक्या वर्षांनी एकदम बंद, हे तर दारूसारखंच झालं. गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा त्यांना.

निवृत्त_सिस्टर
हर्षल, इथे तुझं बरोबर आहे. पण किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील, वैशाली, तू पर्समधली देऊ नको.

वैशाली_मानेवाडा, १२.५०
नळी घातली, एक लिटरच्या जवळपास निघालं. तळमळ निम्म्याने कमी झाली, पण अजून बकऱ्या म्हणतात. साखर ठीक. सोडियमला रक्त घेतलं. गोळी आणि खर्रा दोन्ही लिहून घेतलं, मोठ्या डॉक्टरांना फोन लावून राहिले. चष्मा घरी आहे, सकाळी आई आणेल. दिवा बंद करू का?

निवृत्त_सिस्टर
पूर्ण बंद नको, मंद ठेव. त्यांना दिसेल अशी समोर बस, "बाबा, मी वैशाली, तुम्ही दवाखान्यात आहात" असं अधूनमधून सांग. बकऱ्यांवरून वाद घालू नको. श्वास जोरात चालला किंवा फिटचा झटका आला तर लगेच आरडाओरड कर. सोडियम आलं की लिही, मी जागी आहे.