इतक्या चुका करणारा पॉलिमरेज जीनोम स्थिर कसा काय ठेवतो?

केतकी_एमएस्सी:
नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी बायोटेक सेकंड इयरला आहे, पुढच्या आठवड्यात माझा सेमिनार आहे आणि विषय आलाय ट्रान्सलिजन पॉलिमरेज, म्हणजे डीएनए बिघडलेल्या जागीही त्याची कॉपी पुढे नेणारे एन्झाइम. वाचून वाचून डोकं भणभणलंय. पुस्तकात लिहिलंय की पॉल इटा हा एन्झाइम साधा, धडधाकट डीएनए कॉपी करताना शंभरेक अक्षरांत एखादी चूक करतो, कधी त्याहून जास्तच, आणि चूक खोडायची सोय त्याच्यात नाहीच. त्याच पानावर पुढे लिहिलंय की हाच जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) स्थिर ठेवतो, हा नसला तर माणसाला स्किन कॅन्सर होतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? नेहमीचे पॉल डेल्टा आणि एप्सिलॉन लाखात एखादी चूक करतात, त्यातलीही बहुतेक स्वतःच खोडतात, वर उरलेल्या चुकीच्या जोड्या सुधारणारी मिसमॅच रिपेअर आहेच, म्हणजे शेवटी अब्जात एखादी चूक उरते. एवढी कडक व्यवस्था असताना असला धांदरट एन्झाइम पेशीनं ठेवलाच कशाला? "तो बायपास करतो" हे वाक्य पाठ आहे मला, पण कळलेलं नाहीये.

फोर्क_आणि_फायबर:
केतकी, तू बरोबर जागी अडलीयेस, बरेच जण इथून नुसते पुढे निघून जातात. "चुका करतो" हे कोणत्या डीएनएवर मोजलंय ते बघ. चांगल्या डीएनएवर. पण ते त्याचं कामच नाही गं.

डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी आणि सी. उन्हातल्या यूव्हीनं शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटतात. पॉल डेल्टाचा खाचा इतका घट्ट असतो की एका वेळी एकच अक्षर आत बसतं, म्हणून तर तो इतका अचूक, चुकीची जोडी त्यात मावतच नाही. पण त्याच घट्टपणामुळे चिकटलेली जोडगोळी आली की तो तिथेच थांबतो. पॉल इटाचा खाचा ऐसपैस, त्यात दोन्ही टी एकदम मावतात, आणि तो समोर बहुतेक वेळा ए आणि ए बसवतो. म्हणजे अगदी बरोबर उत्तर, कारण टीची जोडी एशीच जमते! 2010 मध्ये माणसाच्या पॉल इटाची रचना समोर आली त्यात दिसलं की मोडलेल्या हाताला फळी बांधून सरळ धरावं तसा तो नवीन बनलेला डीएनएचा तुकडा सरळ धरून ठेवतो. त्याचा ढिलेपणा आणि त्याचं कौशल्य ही एकच गोष्ट आहे, सेमिनारमध्ये हेच ठासून सांग.

दुसरं म्हणजे त्याला मोकळं सोडलेलं नसतं. पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात आणि लोणावळ्याला काढतात, कारण घाट संपला की त्यांचं काम संपलं. इथेही तसंच, फक्त मागून ढकलायच्या ऐवजी पुढचं इंजिनच बदलतात. पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी पीसीएनए नावाची बांगडी असते. काम अडलं की रॅड6 आणि रॅड18 ही दोन प्रथिनं मिळून तिच्या 164 नंबरच्या लायसिनवर (एक अमिनो आम्ल) युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा एक मणी लावतात, आणि पॉल इटाला तो मणी पकडता येतो. तो येतो, चिकटलेल्या टींवरून जातो, पुढे दोनतीन अक्षरं घालतो की त्याची पकड सुटते आणि डेल्टा परत कामाला लागतो. सहाशे कोटी अक्षरांत त्याच्या वाट्याला असे छोटे छोटे तुकडेच येतात, त्यामुळे ती शंभरात एक चूक प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी घडू शकते.

माधव_का:
पण मग तो चिकटलेला भाग आधी कापून दुरुस्तच का नाही करत? एक्सिजन रिपेअर असते ना त्यासाठी.

फोर्क_आणि_फायबर:
करते की माधव, बहुतेक वेळा आधीच करते. पण कॉपी चालू असताना दोन धागे सुटे झालेले असतात, अशा वेळी फोर्कपाशी, म्हणजे धागे सुटतात त्या फाट्यापाशी, साचाच कापला तर क्रोमोसोम तुटलाच समजा, कारण समोरचा धागा आधार द्यायला तिथे नसतो. म्हणून आधी पार व्हायचं आणि डाग नंतर सावकाश काढायचा. डाग तिथेच राहतो हे पण लिहून ठेव केतकी, पॉल इटा दुरुस्ती करत नाही, विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

मी लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघते म्हणून इतकी बडबड करतेय. पेशींना आधी एक रंग घेणारं अक्षर खायला द्यायचं, मग यूव्ही, मग दुसऱ्या रंगाचं, आणि पेशी फोडून तो थेंब तिरक्या धरलेल्या काचेवरून हळूहळू ओघळू द्यायचा, की डीएनएचे धागे सरळ ताणले जातात. मायक्रोस्कोपखाली लाल रेघ आणि तिला जोडून हिरवी. पॉल इटा नसलेल्या पेशींत यूव्हीनंतरची हिरवी रेघ आखूड पडते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून रेघा मोजायच्या, मान मोडते, पण पहिल्यांदा तो फरक दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

दुपारी_घरात:
मी सायन्सची नाही, पण हे मी चार वर्षं शोधत होते म्हणून लिहिते. माझ्या मावसभावाला एक्सपी-व्ही आहे. एक्सपी म्हणजे झेरोडर्मा पिगमेंटोसम, उन्हानं कातडी बिघडण्याचा आनुवंशिक आजार, आणि व्ही प्रकारात हाच पॉल इटा नसतो. लहानपणी उन्हात कातडी भाजायची नाही, फोड यायचे नाहीत, फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर ठिपके वाढत गेले, आणि तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी वांग म्हणून क्रीम दिली. 27 व्या वर्षी नाकावरच्या गाठीची बायॉप्सी केली तेव्हा कॅन्सर निघाला आणि मग जनुकांची टेस्ट झाली. मावशीचं लग्न सख्ख्या मामेभावाशी झालंय, काउन्सेलरनं पहिल्यांदा तेच विचारलं. दोघांकडेही बिघडलेली एकेक प्रत होती, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. मला एक सांगा, बाकीच्या एक्सपीच्या मुलांना तर लगेच भाजतं म्हणतात, मग ह्याला का नाही?

फोर्क_आणि_फायबर:
ताई, तुम्ही अगदी मुद्द्याचं विचारलंत. बाकीच्या प्रकारांत एक्सिजन रिपेअर बिघडलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत (सगळ्या नाही) डाग निघत नाहीत म्हणून पेशी मरतात आणि कातडी भाजते. तुमच्या भावाची रिपेअर शाबूत आहे, अडचण फक्त कॉपी करताना येते. पॉल इटा नसला की दुसरे पॉलिमरेज त्याच्या जागी येतात आणि ते टीटीसमोर चुकीचं अक्षर घालतात. पेशी मरत नाही, म्हणून बाहेरून काही दिसत नाही, पण आत म्युटेशनं साठत जातात. एक्सपीच्या रुग्णांत साधारण पाचातला एक ह्या प्रकारचा असतो, आणि रिपेअरची टेस्ट नॉर्मल येते म्हणून कारण बरीच वर्षं कळतच नव्हतं. 1999 मध्ये जपानमधल्या हानाओका यांच्या आणि टेक्ससमधल्या प्रकाश दांपत्याच्या गटानं जवळपास एकाच वेळी दाखवलं की ह्या रुग्णांत पॉल इटाचंच जनुक बिघडलेलं असतं.

केतकी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच बघ. धांदरट म्हणून पॉल इटा काढून टाकला तर चुका कमी होत नाहीत, वाढतात.

केतकी_एमएस्सी:
आता खरंच कळलं, खूप थँक्यू. सेमिनारची पहिली स्लाइड बदलते, पुस्तकातल्या आकृतीच्या जागी एक्सपी-व्हीचा रुग्ण घेते. ताई, नाव-गाव काही न देता तुमच्या भावाची गोष्ट सांगितली तर चालेल का? आणि तो आता कसा आहे?

दुपारी_घरात:
सांग गं, खुशाल सांग. बरा आहे तो. आता रात्रपाळीची नोकरी घेतलीये, दर तीन महिन्यांनी कातडी तपासून घेतो, दोनदा छोटं ऑपरेशन झालं. मावशीनं घरातल्या सगळ्या खिडक्यांना यूव्ही अडवणारी फिल्म लावून घेतली, एक छोटा मीटर आणलाय आणि अजून दर रविवारी प्रत्येक काचेला तो लावून आकडा बघते.